अंगठीचा प्रसंग

यंदाचा उन्हाळा एका मालिकेनं नासवला. एरवी जबलपूरचा उन्हाळा नासवायला कोणाची मदत लागत नाही, पण मला हा ऋतू आवडतो आणि त्याचं कारण ऑफिसात कोणाला पटत नाही. कूलरवाला येतो, मागच्या वर्षीचं कुजकं गवत ओढून काढतो, नवी खस भरतो आणि पहिलं पाणी सोडतो. मग खोलीभर तो ओला, मातकट वास सुटतो आणि मी राइट टाउनच्या या तिसऱ्या मजल्यावरून उठून थेट लहानपणीच्या, खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये पोचतो. शाळेला सुट्टी लागलेली, रविवारची सकाळ, आणि टीव्हीवर 'ध्रुव-सत्रह' लागायला थोडाच वेळ उरलेला.

या वर्षी नवी खस भरली आणि त्याच आठवड्यात 'ध्रुव-सत्रह'ही परत आली. नावापुढे 'वापसी' एवढं जोडून, एका ॲपवर, पहिले तीन भाग एकदम. मी तिन्ही पाहिले. तेव्हापासून तोंडाची चव गेली आहे.

मालिका वाईट निघणं यात नवीन काही नाही. अंतराळाच्या मालिका मी जन्मभर पाहत आलोय. रेल्वेच्या ऑफिसातून घरी आलो की हातपाय धुतो आणि कुठल्या ना कुठल्या ग्रहावर जातो. लग्न केलं नाही, तो सगळा वेळ यानांत गेला, असं माझी ताई म्हणते. तेव्हा वाईट मालिका मला पचतात. ही पचत नाही, कारण ती लिहिणाऱ्यांत ताईचा मुलगा आहे. तन्मय मुंबईत असतो, त्या लेखकांच्या टोळीतला सगळ्यात धाकटा. भाग यायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता.

"मामा, आरामात पाहा. मी रविवारी फोन करतो. पण सच बोलायचं, मला बरं वाटावं म्हणून नाही."

"मी कधी खोटं बोललो रे?"

"तिसऱ्या भागात आपल्या घरातलं एक आहे. आजोबांचं. बाकीच्यांना नको होतं, मी भांडून ठेवलं. पुढचे भाग आता लिहून राहिलो ना. तू म्हणशील हे झूठ आहे, तर पुढून ते सगळं काढून टाकीन. चलो, रविवारी बोलू."

म्हणजे निकाल माझ्या हातात. या पोराला मी मांडीवर बसवून ग्रहांची नावं शिकवली, गच्चीवर नेऊन सप्तर्षी दाखवले. तो पहिल्यांदा स्वतःचं काही लिहून माझ्यापुढे उभा होता. ते आवडावं अशी माझी फार इच्छा होती, हे आधीच सांगून ठेवतो.

जुनी 'ध्रुव-सत्रह' पाहायला आम्ही शेजारच्या मिश्राजींकडे जायचो. आमच्या ओळीत रंगीत टीव्ही त्यांच्याकडेच होता. खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या, फरशीवर पाणी शिंपडलेलं, आत अर्धवट अंधार. कोणाच्या घरून नर्मदेच्या वाळूतलं टरबूज कापून यायचं, कोणी खिशातून तेंदूफळं काढायचं, आणि बिया कुठे थुंकायच्या यावरून मिश्राजींची बायको सगळ्यांना दटावायची. बाहेर कडुलिंबाचा फुलोरा गळून अंगणात पांढुरका थर साचलेला असे. चप्पल घालताना तो बोटांना चिकटायचा. मुलं पुढे, बायका दाराशी, आणि मागे भिंतीला टेकून पुरुष. ते जवळजवळ सगळे फॅक्टरीच्या फिलिंगमधले, म्हणजे तोफगोळ्यांत दारू भरायच्या कामावरचे. माझे बाबाही त्यांच्यातच बसलेले, बनियनवर, हाताची घडी घालून.

यान पुठ्ठ्याचं होतं. दुसऱ्या भागात ते ज्या तारेला टांगलं होतं ती तार स्पष्ट दिसली. कप्तानाच्या मागची बटणं सोड्याच्या बाटलीची झाकणं होती आणि त्यातलं एक ऐन बोलण्याच्या मध्ये गळून पडलं. कप्तानानं तिकडे लक्षही दिलं नाही. पण त्या यानातली माणसं कामाला जायची. दूरच्या एका वस्तीला इंधन पोचवायचं, एवढंच त्यांचं काम. पाळी बदलायची, जेवण थंड व्हायचं, कोणाला तरी उठून पंप बघावा लागायचा. पहिल्या तीन भागांत तर काही म्हणजे काहीच घडलं नाही. आजही मी चांगल्या मालिकेची हीच खूण मानतो. ज्याला आपल्या गोष्टीवर भरवसा असतो, तो सुरुवातीला घाई करत नाही.

पहिल्याच भागात यानाचा इंजिनियर बूट घालून सरळ इंधनघरात शिरला. मागून कोणीतरी म्हणालं, "जूते." मग दुसऱ्यानं म्हटलं. मग मिश्राजी टीव्हीलाच म्हणाले, "अरे भैया, जूते कौन बदलेगा?"

ते हसत नव्हते. त्यांच्या शेडच्या दारात एक आडवी फळी असे. फळीच्या अलीकडे आपले जोडे, पलीकडे फॅक्टरीचे. आगपेटी, विडी, किल्ल्या, घड्याळ, अंगठी, नायलॉनचा शर्ट, सगळं अलीकडे ठेवून जायचं. एक ठिणगी उडाली तर पुढचं बोलायला कोणी उरत नाही. अशा माणसांसमोर एक जण खिळ्यांचे बूट आपटत इंधनाच्या टाक्यांमधून फिरत होता, आणि खोलीतल्या पुरुषांचे चेहरे खरोखर आवळले गेले होते. "सीरियल है जी," असं मिश्राजींच्या बायकोला म्हणावं लागलं. त्यानंतर दर रविवारी कोणीही इंधनघराकडे वळलं की मागून सगळे एका आवाजात म्हणायचे, "जूते." आम्ही पोरं लपंडाव खेळतानासुद्धा म्हणायचो. ही गोष्ट मी तन्मयला दर उन्हाळ्यात सांगितली आहे.

आता नवे भाग. पहिल्या भागात यान म्हणजे एखाद्या महागड्या हॉटेलची लॉबी. फरशी इतकी चकचकीत की कप्तानाला आपला चेहरा तिच्यात दिसावा, आणि तो तो पाहतोही. एकाही माणसाला घाम येत नाही. एकाचेही केस विस्कटत नाहीत. कोणी कामावर जात नाही, सगळे काचेपाशी उभे राहून ताऱ्यांकडे बघतात आणि आपल्याला काय वाटतं ते एकमेकांना समजावून सांगतात. मागे सतत संगीत. दरवाजा उघडला तरी बासरी, चहा ओतला तरी बासरी. मी आवाज कमी करून पाहिलं, तर चित्रंसुद्धा गळा काढत होती.

दुसऱ्या भागात वाढदिवस आहे. यान इंधनानं भरलेलं, आणि ही मंडळी मेणबत्त्या लावून नाचतात. मेणबत्त्या. मला शिसारी आली. मग कप्तानाची मेलेली आई प्रकाशातून प्रकट होते, त्याच्या डोक्यावर हात ठेवते आणि विश्वाचं रहस्य प्रेमात आहे असं सांगून विझते. हे लिहायला माणसं लागली, त्यांनी ते एकमेकांना वाचून दाखवलं असेल, आणि एकानंही खिडकीतून उडी मारली नाही. जुन्या कप्तानाला आई होती की नव्हती हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यावाचून आमचं काही अडलं नाही.

तिसरा भाग लावला तेव्हा माझी आई समोर बसून मेथांब्यासाठी कैऱ्या चिरत होती. आईला यानांत रस नाही. कूलरची हवा त्या खोलीत येते म्हणून ती तिथे बसते.

भाग सुरू झाला आणि मी सरसावून बसलो. इंधनघराच्या दारात जमिनीवर लाल रेघ होती. रेघेच्या अलीकडे एक जोड बूट, पलीकडे दुसरा. बाजूला किल्ल्या-घड्याळं ठेवायचा ट्रे. कपडे सुती. कोणी काही समजावत नव्हतं, बासरीही थांबलेली. पोरानं सगळं लक्षात ठेवलं होतं. खरं सांगतो, ऊर भरून आला. मागे मिश्राजी असते तर त्यांनी मान डोलावली असती.

मग इंजिनियर रेघेपाशी आला. त्याची बायको त्याच यानात आहे, ती मागून धावत आली. त्यानं बोटातली अंगठी काढली. तिच्याकडे पाहिलं. अंगठीला ओठ लावले. ती तिच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटवली आणि भरल्या गळ्यानं म्हणाला, "लौट आया तो माँग लूँगा. न लौटा, तो तेरी." ती रडली. तो रडला. कॅमेरा दोघांभोवती गरागरा फिरायला लागला, कुठून तरी शंभर व्हायोलिनं आली, आणि मी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"काहून बंद केलं?" आईनं विचारलं.

"बंडल आहे."

ती कैऱ्यांची साल वेगळी काढत राहिली.

बंडल हा शब्द त्या क्षणी हाताशी होता म्हणून वापरला. मला आली ती किळस होती. सगळंच चुकलेलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. इथे जोडे बरोबर, रेघ बरोबर, अंगठी बरोबर, आणि त्यावर हा पाक ओतलेला. माझ्या बापाचा रोजचा दिवस उचलून त्याला कोणीतरी गालावर लाली लावून स्टेजवर उभं केलं होतं.

बाबांची अंगठी साधी होती, बिनखड्याची. आंघोळीनंतर साबणाच्या बोटातून ती काढून ते स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायचे, डबा घ्यायचे आणि सायकल काढायचे. बोलणं नाही. फिलिंगवाल्यांच्या घरात सकाळी भांडण नसायचं, हा आमच्या ओळीचा रिवाज होता. माणूस डोक्यात राग घेऊन शेडमध्ये जाता कामा नये, हात हलतो. म्हणून आदल्या दिवसाचं राहिलेलं भांडणसुद्धा बायका संध्याकाळपर्यंत पोटात ठेवायच्या. आणि नुसतं भांडण नाही, काळजीचंही काही बोलायचं नाही. "सांभाळून जा" म्हणायचं नाही. म्हटलं की जाणारा तेच मनात घोळवत बसेल. त्यामुळे सगळ्या ओळीत सकाळी फक्त भांड्यांचा आणि सायकलींचा आवाज असे. आम्हा पोरांनाही तो रिवाज कळायचा. सुट्टीतही त्या वेळी कोणी रडारड करत नसे.

संध्याकाळी भोंगा झाला की आई चहाचं आधण ठेवायची. दारात येऊन उभी राहिली नाही कधी. सायकलींचा लोंढा वळणावरून यायचा, त्यातली एक घंटी आमच्या दाराशी थांबायची. बाबा हात धुवायचे, फळीवरची अंगठी घालायचे आणि चहा मागायचे. त्यांची सगळी नोकरी अशी गेली. त्यांना कधी काही झालं नाही. निवृत्त झाले, त्यानंतरही बरीच वर्षं जगले आणि साध्या तापानं अंथरुणात गेले.

त्या गप्प सकाळींचा मला अभिमान आहे. माझी सगळी आवड तिथून आली असं मला वाटतं. पडद्यावर कोणी न बोलता काम करायला लागलं की माझा जीव तिथे रमतो, आणि कोणी ओठ थरथरवले की डोक्यात तिडीक जाते. मी मनातल्या मनात तन्मयला उत्तर तयार केलं. तुझे आजोबा असे नव्हते. त्यांनी अंगठीला ओठ लावले असते तर मिश्राजींनी ओळीत तोंड दाखवू दिलं नसतं. तू त्यांना आसवांच्या दोन थेंबांत विकलंस. काढून टाक. चार वाक्यं होती, ती घासूनपुसून आणखी धारदार केली. ऑफिसात फायलींवर सह्या करतानाही तीच घोळत होती. पोराला लागेल हे कळत होतं. पण सच बोलायचं असं त्यानंच सांगितलं होतं.

दोन दिवसांनी दुपारचं जेवण झाल्यावर आई म्हणाली, "ते लाव ना."

"काय?"

"ते अंगठीवालं."

मला वाटलं, ऐन मध्ये बंद केलं म्हणून पुढे काय झालं ते तिला बघायचं असेल. लावलं. प्रसंग संपला, इंजिनियर आत गेला, दार मिटलं, भाग संपला. आई म्हणाली, "पुन्हा मागे घे."

मी मागे घेतलं. तिनं चष्मा पुसून पुन्हा लावला. बाहेर ऊन होतं, पडदे ओढलेले, आणि माझी आई खुर्चीच्या काठावर पुढे सरकून त्या भंगार प्रसंगाकडे बघत होती. मला ते सहन होईना.

"आई, बाबा असं बोलले होते का कधी?"

"नाही."

"अंगठी हातात दिली होती का तुझ्या?"

"फळीवर ठेवत. तुला माहीतच आहे."

"मग?"

"मग काही नाही. चिडून काहून राहिला? मागे घे."

त्यानंतर रोज दुपारी तेच. मी ऑफिसातून जेवायला घरी येतो, ताट उचललं की ती लावायला सांगते. बाकीचे भाग तिला नको असतात, वाढदिवस नको, कप्तानाची आई नको. फक्त तेवढं. मी लावून देतो आणि भांडी घासायला आत जातो. तिकडून व्हायोलिनं ऐकू येतात. मी दरवेळी नळ आणखी मोठा सोडतो.

रविवारी तन्मयचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला, कारण आई शेजारीच बसली होती आणि नातवाचा आवाज तिला ऐकायचा असतो.

"मामा, पाहिलं?"

"पाहिलं."

"अच्छा, मग बोल. डायरेक्ट तिसरा."

चार वाक्यं जिभेवर होती. "रेघ बरोबर आहे," मी म्हणालो. "जोडे बरोबर आहेत. मिश्राजी खूश झाले असते."

"आणि अंगठी?"

"अंगठीचं सांगतो. तन्मय, तुझे आजोबा..."

"दे इकडं," आई म्हणाली आणि माझ्या हातातून फोन घेतला. फोन स्पीकरवर असताना तिला तो कानाला लावायची सवय आहे. तसाच लावून ती म्हणाली, "मी पाहिलं बरं का रे. रोज पाहून राहिली."

"आजी, तू? कसं वाटलं?"

"तुझे आजोबा असे नव्हते."

मग तन्मय हळूच म्हणाला, "म्हणजे झूठ आहे ना, आजी?"

"झूठच आहे. काढू नको."

"काहून?"

"सकाळी बोलायचं नाही असं होतं ना आमच्यात. आणि संध्याकाळी हे थकून येत. मग काय बोलणार? राहूनच गेलं." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "हा तुझा माणूस बोलला तरी. आता मला पाहायचं आहे, तो परत येऊन तिला काय म्हणते."

मी आईकडे पाहिलं. तीस वर्षं मी त्या गप्प सकाळी मनात जपून ठेवल्या होत्या, आणि त्यातल्या प्रत्येक सकाळी स्वयंपाकघरात ती उभी होती, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला ती शांतता ऐकायला आवडायची. तिला ती रोज गिळावी लागायची.

तन्मयनं मला हाक मारली. "मामा, आजोबा परत आल्यावर काय म्हणायचे?"

"चहा मागायचे."

"ते मी लिहू शकत नाही ना. मग काय लिहू?"

मालिकांमध्ये कोणी काय म्हणावं आणि काय म्हणू नये, यावर माझ्याकडे नेहमी मत तयार असतं.

"ते आजीला विचार," मी म्हणालो.

आईनं फोन तसाच कानाला लावून ठेवला होता. तिनं थोडा विचार केला, मग खुर्चीचा हात धरून उठली. "थांब," ती तन्मयला म्हणाली, "आत जाते, मग सांगते." ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. फोन स्पीकरवरच होता, म्हणून मी बाल्कनीत जाऊन उन्हात उभा राहिलो. बराच वेळ ती बोलत होती.